परतीची वाट

संपादकांचे पत्र आले, की दिवाळी जवळ आली असे मी समजतो. यंदाच्या पत्रात त्यांनी लिहिले होते, "कादंबरीतले प्रकरण नको. काही ऐतिहासिक द्या." त्यांच्या मनात बहुधा एखादा किल्ला असावा, एखादी बखर असावी. मी मात्र आज वाचकांना ज्या वाटांचा इतिहास सांगणार आहे, त्यांवर घोड्यांच्या टापा कधी उमटल्या नाहीत. त्या तारांतून जातात, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि तरीही त्या चुकल्या तर माणसाचे नुकसान होते. ते कसे, हे मला माझ्याच चुकीने शिकवले. ती चूकही शेवटी सांगणार आहे.

आमच्या शाळेच्या दोन इमारती आहेत. जुनी कौलारू, तिच्यात कचेरी. आणि ओढ्यापलीकडे नवी, तिच्यात संगणकाची खोली. सहा वर्षांपूर्वी त्या खोलीत भिंतीवर उंच एक चपटी लोखंडी पेटी बसवली. तिला ओळीने चौकोनी भोके, प्रत्येक भोकात एक वायर, आणि वायरीगणिक लुकलुकणारा हिरवा दिवा. या पेटीला स्विच म्हणतात. "स्विचचं काम आहे, यायला उशीर होईल," असे मी घरी सांगितले तेव्हा सौ. म्हणाली, "एक बटण दाबायला अख्खी रात्र कशाला लागते?" तिचे चुकले नाही. नाव तेच, काम वेगळे. हा स्विच म्हणजे टपालकचेरीतला, पत्रे वेगवेगळ्या खणांत टाकणारा माणूस.

आता हे काम माझ्याकडे कसे आले? मी पडलो मॅट्रिक. त्यापुढचे जे शिकलो ते पुस्तकांतून आणि पोरांकडून. पण खेड्यातल्या शाळेत ज्याला चार ओळी लिहिता येतात त्याच्याकडे सगळी लिहिण्याची कामे येतात, आणि स्विचलाही काही ओळी लिहूनच सांगाव्या लागतात. पुण्यात नोकरीला असलेला आमचा एक माजी विद्यार्थी फोनवर सांगत होता आणि मी एकेक अक्षर टिपीत होतो. कचेरीतल्या संगणकांचा पत्ता १९२.१६८.१० ने सुरू होणारा, नव्या खोलीतल्यांचा १९२.१६८.२० ने. जणू दोन वाड्या. बाहेरच्या जगाशी जोडणारी पेटी, म्हणजे राउटर, कचेरीत. तेव्हा स्विचला सांगायचे, "तुला ठाऊक नसलेल्या कुठल्याही पत्त्याचे पत्र आले, की ते कचेरीतल्या १९२.१६८.१०.१ या पेटीकडे दे." 'आयपी राउट' हे दोन शब्द, मग शून्यांच्या दोन माळा, मग त्या पेटीचा पत्ता. एवढी एक ओळ. हाताने नेमून दिलेल्या अशा वाटेला या धंद्यातले लोक 'स्टॅटिक राउट' म्हणतात. आपण नेमलेली वाट म्हणू.

ओळ लिहिली. काही होईना. रात्रीचे नऊ वाजले. पुन्हा फोन लावला.

"सर, जायची वाट दिलीत. यायची?"

"यायची म्हणजे?"

"नव्या खोलीतून निघालेलं पत्र कचेरीच्या पेटीपर्यंत पोचतंय. पण उत्तर आलं की त्या पेटीला माहीतच नाही, ही वीस नंबरची वाडी कुठं आहे ते. तिलाही सांगावं लागेल, की वीसचं पत्र आलं तर स्विचकडे दे."

कंदिलासारखा उजेड पडला. ओढा ओलांडून कचेरीत गेलो, त्या पेटीत दुसरी ओळ लिहिली, आणि परत येतो तो सगळे पडदे जिवंत झालेले. माझी आई घराबाहेर पडताना कुणाला 'जातो' म्हणू देत नसे. 'येतो' म्हण, असे दटावीत असे. त्या रात्री मला ती आठवली.

आणि एक प्रश्न पडला. यंत्रे एवढी हुशार म्हणतात, मग त्यांना वाट माणसाने का सांगावी? ती एकमेकांना विचारून का घेत नाहीत? या प्रश्नामागे लागलो आणि हा इतिहास सापडला.

गोष्ट अमेरिकेत सुरू होते. १९६४ साली रँड या संस्थेतले पॉल बॅरन यांनी एक विचार मांडला. त्या काळचे टेलिफोन मोठ्या मध्यवर्ती केंद्रांवर अवलंबून असत. अणुयुद्धात तेवढी केंद्रे उडवली, की सारा देश मुका. बॅरन म्हणाले, केंद्रच नको. माशांच्या जाळ्यासारखे जाळे विणा. निरोपाचे लहान लहान तुकडे करा, आणि प्रत्येक गाठीवरच्या यंत्राने आपल्या हाती आलेला तुकडा गरम बटाट्यासारखा झटकन पुढच्या गाठीकडे सोपवावा. एक गाठ तुटली तर तुकडा दुसरीकडून जाईल. इंग्लंडात डोनाल्ड डेव्हिस यांनी १९६५ च्या सुमारास स्वतंत्रपणे हाच विचार केला. त्या तुकड्याला 'पॅकेट' हे नाव त्यांनीच दिले.

यातली मख्खी ध्यानात घेतली पाहिजे. कुठल्याही यंत्राला संपूर्ण वाट पाठ असावी लागत नाही. त्याला एवढेच ठाऊक हवे, की अमुक ठिकाणचे पत्र आले तर पुढे कोणाच्या हाती द्यायचे. फाट्यावरच्या पाटीला तरी कुठे सारा मुलूख माहीत असतो? ती फक्त बाण दाखवते. अशा पाट्यांवर भरवसा ठेवतच वाटसरू मुक्कामी पोचतो.

२९ ऑक्टोबर १९६९ ला रात्री साडेदहाच्या सुमारास या विचाराची परीक्षा झाली. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातला चार्ली क्लाइन हा विद्यार्थी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतल्या संगणकाला 'लॉगिन' हा शब्द पाठवू लागला. 'एल' पोचले, 'ओ' पोचले, आणि 'जी' पाठवताना पलीकडचा संगणक कोलमडला. पहिला निरोप असा दोन अक्षरांचाच गेला. तासाभराने पुन्हा जमवून आणले. त्या वर्षाच्या अखेरीस सांता बार्बरा आणि युटा धरून चार ठिकाणे जोडली गेली. या जाळ्याचे नाव आर्पानेट.

या जाळ्याच्या गाठींवर फ्रीजएवढी यंत्रे होती. त्यांच्या कर्त्यांनी पहिल्यापासून असे ठरवले, की वाटा माणसाने नेमायच्या नाहीत, यंत्रांनी आपापसांत विचारून ठरवायच्या. दर दोनतृतीयांश सेकंदाला प्रत्येक यंत्र शेजाऱ्यांना सांगे, "अमुक गावी माझ्याकडून जायला इतका वेळ लागतो." ज्याचा वेळ कमी त्याच्या हाती पत्र. एखादी तार तुटली की ही कुजबुज बदले, आणि नवी वाट आपोआप ठरे. रात्री कुणी उठून ओढा ओलांडायला नको. केवढी सोय!

पण शेजाऱ्याचे ऐकून चालण्यात काय धोका असतो हे आपल्याला ठाऊक आहे. सत्तरच्या दशकाच्या आरंभी हार्वर्ड विद्यापीठातल्या यंत्राची स्मृती बिघडली आणि वाटांच्या कोष्टकात सगळीकडे शून्ये दिसू लागली. ते यंत्र शेजाऱ्यांना सांगू लागले, "माझ्याकडून कुठेही जायला शून्य वेळ लागतो!" शेजाऱ्यांनी विश्वास ठेवला, त्यांच्या शेजाऱ्यांनी ठेवला, आणि भलतीकडची पत्रेदेखील हार्वर्डकडे धावू लागली. तिथे ती गडप. यंत्राच्या मनात कपट नव्हते. ते आजारी होते, आणि आजारपणात बरळलेले सर्वांनी खरे मानले.

१९७९ साली ही पद्धत सुधारली. आता प्रत्येक यंत्र फक्त आपल्या तारांची बातमी सर्वांना धाडी, आणि नकाशा ज्याचा त्याने करायचा. बातमीवर क्रमांक असे, म्हणजे जुनी कोणती, नवी कोणती हे कळावे. क्रमांक ६३ पर्यंत जाऊन पुन्हा शून्यावर येत, घड्याळात बारानंतर एक येतो तसे. २७ ऑक्टोबर १९८० ला एका यंत्राच्या हातून काही अंश गळाले आणि एकाच बातमीचे ४४, ४० आणि ८ असे तीन क्रमांक फिरू लागले. घड्याळाच्या हिशेबाने ४४ हा ४० पेक्षा नवा, ४० हा ८ पेक्षा नवा, आणि ८ हा ४४ पेक्षा नवा! प्रत्येक यंत्र 'ही आणखी ताजी' म्हणून ती बातमी पुढे ढकलत राहिले, आणि काही तास सारे जाळे या एकाच कामात गुंतून निकामी झाले. शेवटी माणसांना प्रत्येक यंत्राला बजावावे लागले, की ज्या यंत्राच्या नावाची ती बातमी, त्याच्या बातम्या कानाआड कर.

दरम्यान जाळी वाढत होती. सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांच्या संपादनाखाली पत्त्यांचे नियम छापले गेले. प्रत्येकी २५५ पर्यंतच्या चार आकड्यांचा पत्ता, एकंदर पत्ते ४ अब्ज २९ कोटी. तेव्हा ते कधी संपायचे नाहीत असे वाटले असणार. पुढे ते अपुरे पडले. १ जानेवारी १९८३ पासून आर्पानेटने हीच नवी भाषा घेतली. आमच्या शाळेच्या दोन वाड्यांचे पत्ते त्याच भाषेतले आहेत.

भिंतीवरच्या पेटीचीही एक कुळकथा आहे, आणि तिच्यात ओळखीचे नाव निघाले तेव्हा मला मौज वाटली. कार्यालयांतल्या जाळ्यांसाठी असा स्विच १९९० साली बाजारात आणला तो अमेरिकेतल्या 'कल्पना' नावाच्या कंपनीने. तिचे एक संस्थापक विनोद भारद्वाज. त्यांनी पत्नीचे नाव कंपनीला दिले. १९९४ साली सिस्को या मोठ्या कंपनीने 'कल्पना' विकत घेतली. सौ.ला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "शेवटी बटण बाईच्याच नावाचं निघालं ना?"

आपल्याकडे हे लोण मुंबईतून आले. १९८६ मध्ये सरकारने शिक्षणसंस्थांना जोडणारे अर्नेट हे जाळे सुरू केले. जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात एस. रमाणी आणि त्यांचे सहकारी त्यात पुढे होते. तिथून १९८९ च्या सुमारास अमेरिकेतल्या व्हर्जिनियाला सेकंदाला ९,६०० बिटांची वाट मिळाली. आज एक साधे छायाचित्र त्या वाटेने धाडायचे तर कित्येक मिनिटे लागतील. सामान्य माणसासाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ ला.

तोवर जगभर अनेक जाळी झाली, आणि निरनिराळ्या मालकांच्या जाळ्यांनी एकमेकांना वाटा कशा सांगायच्या हा पेच पडला. १९८९ च्या जानेवारीत ऑस्टिन शहरात एका बैठकीला आलेल्या कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी जेवणाच्या वेळी कागदी रुमालांवर त्याचा आराखडा काढला. तो इतका सुटसुटीत होता, की अजूनही जगातली मोठी जाळी त्याच्याच सुधारलेल्या रूपाने बोलतात. त्याचे नाव बीजीपी. पण त्या कागदी रुमालांवर सारा भरवसा शेजारधर्माचा होता. "हा पत्ता माझ्याकडे आहे" असे एखाद्याने म्हटले, तर ते खरे का खोटे हे पाहण्याची तरतूद त्यात नव्हती.

हाताने नेमलेली वाट आणि कानोकानी कळलेली वाट या दोघींची गाठ पडली म्हणजे काय होते, ते २४ फेब्रुवारी २००८ ला जगाने पाहिले. पाकिस्तान सरकारने यूट्यूब बंद करण्याचा हुकूम काढला. तिथल्या टेलिफोन कंपनीने आपल्या यंत्रांत यूट्यूबच्या २५६ पत्त्यांची वाट आडरानात वळवली. जाणत्यांच्या मते ही वाट हाताने नेमलेली असावी, आमच्या शाळेतल्यासारखीच. फरक एवढा, की तिच्या टोकाला काहीच नव्हते. ती देशापुरतीच राहायची होती. पण ती वरच्या हाँगकाँगच्या कंपनीला सांगितली गेली, त्या कंपनीने ती पुढे जगाला सांगितली. या कारभारात एक नियम आहे. ज्या पाटीवरचा पत्ता अधिक नेमका, ती पाटी खरी. पत्रावर नुसते 'पुणे' असले तर एक खण, 'पुणे, सदाशिव पेठ' असले तर दुसरा, तसेच. यूट्यूबची स्वतःची पाटी १,०२४ पत्त्यांची होती, ही २५६ ची, म्हणून हीच खरी ठरली. जगाच्या मोठ्या भागातली यूट्यूबची पत्रे त्या आडरानात जाऊन नाहीशी होऊ लागली. यूट्यूबने आधी २५६ ची आणि मग त्याहून नेमकी १२८-१२८ पत्त्यांची पाटी लावून काही पत्रे माघारी आणली, आणि दोन तासांनी चुकीची पाटी निघाली.

४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकचे याच्या उलट झाले. दुरुस्तीच्या वेळी गेलेल्या एका चुकीच्या आज्ञेने त्यांची केंद्रे एकमेकांपासून तुटली, आणि त्यांनी जगाला सांगितलेल्या वाटा मागे घेतल्या गेल्या. सुमारे सहा तास व्हॉट्सॲपसह सगळे बंद. दुरुस्त करायला निघालेल्या माणसांची साधनेही त्याच जाळ्यावर चालणारी होती. घराला आतून कडी लागली आणि सगळे बाहेर, अशी अवस्था.

हे सारे वाचून मी मनाशी ठरवले होते, की नेमलेली वाटच बरी. ती अफवा ऐकत नाही, बरळत नाही. माणसाने एकदा विचारपूर्वक सांगितले, की ती इमानाने तेच करते. हा माझा गर्व होता. तो उतरला ती हकीकत आता सांगतो.

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात वीज पडली आणि कचेरीतली पेटी जळाली. दुसऱ्या दिवशी एक मुलगा येऊन नवी पेटी बसवून गेला. कचेरीतले संगणक सुरू झाले. ते आपला पत्ता आणि पुढची वाट पेटीकडूनच आपोआप घेतात. नव्या खोलीत मात्र काही चालेना. मी म्हटले, पावसाचे दिवस आहेत, लाइन गेली असेल, येईल. स्विचचे दिवे तर हिरवे होते! शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे ते दिवस. बहुतेक मुलांनी गावात जाऊन भरले. नववीतली एक मुलगी राहिली. तिची वाडी लांब, वडील मजुरीला. ती तीन दिवस शाळा सुटल्यावर खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली, आणि तीनही दिवस मी तिला सांगितले, "उद्या ये." चौथ्या दिवशी मुदत संपलेली होती.

पाचव्या दिवशी पुण्याला फोन लावला. विद्यार्थ्याने पहिलाच प्रश्न विचारला, "सर, नव्या पेटीचा पत्ता काय?" पाहिला, तर १९२.१६८.१.१. माझी ओळ अजून १९२.१६८.१०.१ कडेच बोट दाखवीत होती, म्हणजे जळून भंगारात गेलेल्या पेटीकडे. वायर जोडलेली, दिवा हिरवा, म्हणून स्विचच्या दृष्टीने सगळे ठीक. मुलांच्या खोलीतून निघालेले प्रत्येक पत्र पाच दिवस त्या मेलेल्या पेटीच्या नावाने हाका मारून विरून जात होते. पूल वाहून गेला तरी पाटी बाण दाखवीतच राहते, तसे. नेमलेली वाट खोटे बोलत नाही हे खरे; पण तिला काही कळतही नाही. कळण्याचे काम तिने नेमणाऱ्यावर सोपवलेले असते, आणि तो नेमणारा मी होतो.

नव्या पेटीला जुन्या पेटीचा पत्ता दिला, परतीची ओळ पुन्हा लिहिली. दहा मिनिटांचे काम. ते पहिल्या दिवशी केले असते, किंवा मुलीला नुसते कचेरीत नेऊन बसवले असते, तरी भागले असते. एवढेही मला सुचले नाही.

तिला बोलावून मी खरे ते सांगितले, की लाइन गेली नव्हती, चूक माझी होती. ती म्हणाली, "बरं सर." रडली नाही, रागावली नाही. ती रागावली असती तर मला बरे वाटले असते. त्या वर्षी तिच्या वह्या-पुस्तकांचा आणि एसटीच्या पासाचा खर्च मी केला. यात मोठेपणा काही नाही, तो दंड होता. पुढच्या वर्षी तिचा अर्ज पहिल्या दिवशी गेला.

तेव्हापासून स्विचशेजारी खिळ्याला एक वही टांगलेली आहे. कोणती वाट, कुठून कुठे, कधी नेमली, का नेमली, सारे तिच्यात लिहिलेले. नवी पेटी आली की वही उघडायची, आणि काही बदलले नसले तरी दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी उघडायचीच. घरातले माळे झाडायचे ते दिवस, त्यांतच हेही.

यंदाही उघडली. एका मुलाला नव्या खोलीत बसवले, एका मुलीला कचेरीत, आणि मी मध्ये ओढ्यावरच्या साकवावर उभा राहिलो. खोलीतून मुलगा ओरडला, "सर, गेलं!"

मी कचेरीकडे तोंड करून उभाच राहिलो. थोड्या वेळाने तिकडून आवाज आला, "आलं सर! उत्तरही गेलं."

आणि मग पुन्हा खोलीतून, "सर, परत आलं!"

तेव्हा कुठे मी शिपायांना कुलपे लावायला सांगितले.